पास्काची रात्र

पुनरुत्थानाच्या सणाच्या, ईस्टरच्या, आदल्या दिवशी, शनिवारी, वसईतल्या चर्चच्या आवारात संध्याकाळी पाचलाच गर्दी आहे. ऊन उतरलेलं नाही. वाडीतल्या केळीची पानं कडेनं करपलीत. आंब्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर एक फादर बसलेत, गळ्यात जांभळा पट्टा, मान खाली, कान समोरच्याच्या तोंडाशी. त्यांच्यापासून वीस पावलांवर दुसरे. तिसरे आत, लाकडी जाळीमागे. तिघांसमोर पापांच्या कबुलीसाठी तीन रांगा.

सगळ्यात लांब रांग आंब्याखालच्या फादरांची. ते शेजारच्या गावातून आलेत, इथलं कुणाला ओळखत नाहीत. आपल्या गावच्या फादरांसमोर मोजकी माणसं. रोज ज्याला दूध-भाजीच्या रस्त्यावर भेटायचं, त्याच्यापुढे मनातलं काढायचं म्हणजे जडच. खरं तर ऐकलेला एक शब्द बाहेर काढला तरी फादरांवरच धर्मबहिष्कार ओढवतो. तरीही लोक अनोळखी कान शोधतात.

रांग हलत नाही. पुढची म्हातारी लाल चौकड्यांच्या लुगड्यात, हातात रोझरी, ओठ पुटपुटताहेत. तिच्या मागे विरार लोकलनं थेट इथंच आलेला तरुण, ऑफिसची सॅक पाठीवर, गळ्यातलं ओळखपत्र काढायचं राहून गेलेलं. तो मोबाइल काढतो, बघतो, परत खिशात. रांगेत बोलणं नाही. इतकी माणसं आणि एवढी शांतता आपल्याकडे फक्त परीक्षेच्या हॉलबाहेर असते.

कबुलीचा हा दंडक 1215 सालचा. रोममधल्या धर्मसभेनं तेव्हा ठरवलं की जाणत्या वयाच्या प्रत्येकानं वर्षातून एकदा तरी आपली पापं धर्मगुरूपुढे तोंडानं सांगावीत. मनातल्या मनात पस्तावून भागत नाही. तोंड उघडावं लागतं, आणि घाम तिथंच फुटतो.

माझ्या बाजूची बाई कुजबुजते. "तो पांढऱ्या शर्टातला, आणि तो तिकडे, खांबाजवळ. सख्खे भाऊ. जमीन बिल्डरला गेली तेव्हापासून बोलत नाहीत." दोघं दोन वेगळ्या रांगांत. एकमेकांकडे पाठ. मी बघत राहतो. थोरला खुर्चीसमोर गुडघे टेकतो आणि बराच वेळ उठत नाही. मागचे चुळबुळतात. तो उठतो तेव्हा डोळे पुसत नाही, काही नाही. फक्त चप्पल शोधताना दुसऱ्याची घालतो, मग बदलतो.

अंधार पडतो. आता सगळे बाहेर, अंगणात. लोखंडी घमेल्यात लाकडं रचलीत. काडी पेटते, धूर आधी बायकांकडे जातो, मग मुलांकडे. पूर्वेला चंद्र अजून आलेला नाही; ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, त्यामुळे या रात्री तो बहुतेकदा उशिरानंच उगवतो. फादर हातभर उंच मेणबत्ती आडवी धरतात. तिच्यावर क्रूस कोरतात, ग्रीक वर्णमालेचं पहिलं आणि शेवटचं अक्षर, चालू सालाचे चार आकडे. पाच जखमांसाठी धूपाचे पाच खडे खोचतात. मग ती नव्या आगीवर पेटते.

चर्चमध्ये दिवा नाही. ती एकच ज्योत आत जाते, मागून आपण. जोड्यांचा आवाज, बाकांची करकर. ज्योत तीनदा थांबते, तीनदा गाऊन घोष होतो. मग एकाची मेणबत्ती दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. कागदी चकतीवर मेण ओघळतं. भिंती जाड, दगडी, आणि पंखे बंद. चालू ठेवले तर सगळं विझेल. शेकडो ज्योती, एप्रिलची रात्र, मिटलेल्या खिडक्या. पाचव्या मिनिटाला शर्ट पाठीला चिकटतो. पोरं मेणाच्या गोळ्या करताहेत. कुणी रागावत नाही.

वाचनं सुरू होतात. जुन्या करारातली सात, वेळ कमी असेल तर कमी, पण लाल समुद्र ओलांडल्याचं वाचन कधीच गाळता येत नाही. सगळं मराठीत. आजोबांच्या तरुणपणी हे लॅटिनमध्ये होतं, आणि 1956 च्या आधी तर शनिवारी सकाळीच उरकत. अंधाराशिवायच उजेडाचा सोहळा. भाषा आणि वेळ बदलली, त्याच्या कितीतरी आधी सत्ताही बदलली होती: 1739 ला मराठ्यांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीजांची सत्ता गेली, पण गावं आपल्या श्रद्धेसकट इथंच राहिली.

सातव्या वाचनापर्यंत म्हातारी पेंगते. आणि एकदम घंटा. गुरुवारपासून मुक्या असलेल्या सगळ्या घंटा एकदम वाजतात, दिवे लागतात, पंखे फिरतात. लोक वर तोंड करून वारा घेतात. मी देखील. देवाचा साक्षात्कार कुणाला इथं झाला असेल तर असो. वाऱ्याचा सगळ्यांना झाला.

थट्टा नाही करत. 387 साली मिलानमध्ये याच रात्री ऑगस्टिन नावाच्या एका प्राध्यापकानं बाप्तिस्मा घेतला. आदल्या वर्षी बागेत रडत असताना त्याला शेजारून मुलाचा आवाज ऐकू आला होता, त्यानं पुस्तक उचलून वाचलं आणि मन फिरलं. ते त्यानंच लिहून ठेवलंय. पण तो आवाज आणि बाप्तिस्म्याचं पाणी यांच्यामध्ये महिने गेले. लोक बाग लक्षात ठेवतात, महिने विसरतात.

इथं आता संतांची नावं घेतली जातात, त्यात गोन्सालो गार्सियाही येतो, वसईचाच, 1597 मध्ये नागासाकीत क्रूसावर मेलेला. त्याच्या नावाला आवाज जरा वाढतो. मोठी मेणबत्ती पाण्यात बुडवतात. मग फादर विचारतात: सैतानाला नाकारता का, त्याच्या कामांना, त्याच्या भपक्याला? सगळे एकसुरात उत्तर देतात. लहानपणी आईबापांनी आपल्या वतीनं दिलेलं उत्तर आज स्वतःच्या तोंडानं द्यायचं. सॅकवाला तरुण एका प्रश्नाला गप्प राहतो, पुढच्याला बोलतो. मला तो सगळ्यात प्रामाणिक वाटतो. पाणी शिंपडलं जातं. थेंब चष्म्यावर.

मध्यरात्र जवळ आली. अंगणात चहा, अंडी, "हॅपी ईस्टर". फोटो निघतात. थोरला भाऊ थर्मासजवळ उभा. धाकटा येतो, पेला पुढे करतो.

"मोटर दुरुस्त झाली का रे?"

"नाही. सोमवारी माणूस येणार."

"माझ्याकडून घेऊन जा. पाणी तरी सोड वाडीला."

इतकंच. जमिनीवर एक शब्द नाही. तो वाद मिटला की नाही, मला माहीत नाही. पण मोठ्या स्टेजवर ढोलताशात दिलेल्या मन बदलल्याच्या बऱ्याच साक्षींपेक्षा माझा विश्वास या मोटरीवर जास्त आहे.

तुम्हाला बघायचं असेल तर तारीख आधी काढा: 22 मार्च ते 25 एप्रिलमध्ये कधीही ईस्टर येऊ शकतो. आदल्या रात्री या, ख्रिस्ती असा-नसा, दारात कुणी अडवत नाही. सुती कपडे घाला आणि वेळेआधी पोहोचा. पंख्याखालची बाकं आधी भरतात.