परदेशी कंपनी घेण्याआधीची तपासणी : रॅनबॅक्सीचा धडा



जमीन घेताना आपण काय करतो? सातबारा बघतो, फेरफार तपासतो, बँकेचा बोजा आहे का ते पाहतो. शिवाय शेजारच्या शेतकऱ्यालाही विचारतो, कारण त्याला ती जमीन विकायची नसते. कंपनी विकत घेण्याआधीही अशीच कसून तपासणी होते. तिला ‘ड्यू डिलिजन्स’ म्हणतात. वाणिज्य शाखेच्या मुलांना हा शब्द व्याख्येने कळत नाही, उदाहरणाने चटकन कळतो. म्हणून हे एक खरं उदाहरण.

काय घडलं?

जून २००८ मध्ये जपानच्या दाइची सांक्यो कंपनीने भारतातली औषध कंपनी रॅनबॅक्सी घ्यायचं जाहीर केलं. भाव ठरला एका शेअरला ७३७ रुपये. सुमारे ६४ टक्के हिस्सा, किंमत जवळजवळ ४.६ अब्ज डॉलर. सप्टेंबरमध्येच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने देवास आणि पाँवटा साहिब इथल्या कारखान्यांतून येणाऱ्या ३० हून जास्त औषधांची आयात थांबवली. २०१३ मध्ये रॅनबॅक्सीच्या अमेरिकी कंपनीने तिथल्या न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि एकूण ५० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं.

मग तपासणी झाली नव्हती का?

झाली होती! धोक्याच्या खुणाही उघड होत्या. २००६ मध्येच पाँवटा साहिबच्या कारखान्याला इशारापत्र मिळालं होतं. दाइचीने चौकशी केली. पण कंपनीतल्याच एका अंतर्गत अहवालात औषधांच्या चाचण्यांची माहिती खोटी असल्याचं नमूद होतं, आणि तो अहवाल खरेदीदारापासून लपवला गेला, असा निष्कर्ष सिंगापूरमधल्या लवादाने २०१६ मध्ये काढला. जुन्या प्रवर्तकांनी व्याजासह सुमारे ३५०० कोटी रुपये द्यावेत, असा निवाडा झाला. पण निवाडा मिळाला म्हणजे पैसे हातात आले असं नाही. वसुलीसाठी पुढे भारतातल्या न्यायालयांत झगडावं लागलं.

यातून काय घ्यायचं?

१. विकणाऱ्याने दिलेले कागद ही फक्त सुरुवात. नियामकांची पत्रं, न्यायालयातले खटले, जुने कर्मचारी, मोठे ग्राहक हे आपले ‘शेजारी’.

२. ताळेबंद पुरेसा नाही. औषध कंपनीची खरी संपत्ती म्हणजे औषध विकायची परवानगी. ती गेली की कारखान्याच्या भिंती उरतात.

३. देश बदलला की कायदा, करपद्धती, हिशेबाची रीत आणि भाषा बदलते. कारखाना भारतात, ग्राहक अमेरिकेत, मालक जपानी : म्हणजे तिन्ही देशांचे जाणकार हवेत.

४. विकणाऱ्याचं म्हणणं करारात लेखी हमी म्हणून घ्यावं. वाद कुठे सोडवायचा तेही आधीच ठरवावं. दाइचीला दाद मागता आली ती यामुळेच.

वर्गात करून बघा

मुलांचे दोन गट करा. एक गट विकणारा, दुसरा घेणारा. विकणाऱ्या गटाला एक उणीव चिठ्ठीवर लिहून द्या. घेणाऱ्यांनी दहा प्रश्नांत ती शोधायची. शेवटी विचारा : ‘हे उत्तर खरं आहे हे तुम्ही आणखी कोणाला विचारून पक्कं केलं असतं?’

पालकहो, घरीही हा प्रश्न उपयोगी आहे. परदेशातलं कॉलेज असो की नोकरीची ऑफर, माहिती देणाऱ्याचा त्यात फायदा आहे का, हे मुलांना आधी बघायला शिकवूया.