पानांच्या ठशांचा आकाशकंदील : मुलांच्या वर्कशॉपमध्ये पैसे कुठे सुटतात आणि कुठे अडकतात

कंदील कसा करायचा ते व्हिडिओत दाखवलंय. इथे त्याच्यामागचा धंदा बघूया. चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी 'ऑटम आर्ट' वर्कशॉप घ्यायचं ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी वही-पेन घेऊन बसा.

आधी विषय नक्की करू. नेटवर शरद ऋतूचं क्राफ्ट शोधलं की मेपलची लाल-केशरी पानंच पानं दिसतात. तिकडे ऑक्टोबरात झाडं रंग बदलतात, त्यांचं बरोबर आहे. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे नुकताच पाऊस संपलेला आणि झाडं हिरवीगार. मग नाशिकच्या किंवा सांगलीच्या मुलाने न पाहिलेलं मेपलचं पान कशाला कापायचं? आपल्या शरदाचे रंग म्हणजे झेंडू, शेवंती, दसऱ्याचा आपटा आणि दिवाळीचा कंदील. ज्या वस्तूला घरात जागा आहे तिलाच पालक पैसे देतात. मेपलचं चित्र चार दिवस फ्रिजवर चिकटतं. पोराने केलेला कंदील मात्र दारात लागतो, आजी शेजाऱ्यांना बोलावून दाखवते, आणि तीच तुमची जाहिरात.

पानं निवडताना जरा डोकं लावा. आपट्याचं जोडपान छान उमटतं, मुलांना त्यात फुलपाखरू दिसतं. पिंपळाच्या शिरा सगळ्यात सुंदर येतात. जास्वंदाच्या पानाची कातरलेली कड मस्त दिसते. कण्हेर मात्र अजिबात नको, विषारी आहे. रुईसुद्धा नको, तिचा चीक डोळ्यात गेला तर मोठी पंचाईत. पानं आदल्या दिवशी तोडा आणि रात्रभर वर्तमानपत्रात घालून वर जड पुस्तक ठेवा. सपाट व्हायला हवीत, वाळायला नकोत.

ठसा पानाच्या मागच्या बाजूने घ्यायचा, शिरा तिथे उठावदार असतात. पोस्टर कलर स्पंजने नुसता टिपायचा. ब्रश दिलात की मुलं रंग थापतात, शिरा बुडतात आणि कागदावर नुसता डाग येतो. रंगवलेली बाजू कागदावर ठेवा, वर रद्दी, तळहाताने दाब, देठाला धरून उचला. एवढंच. चार वर्षांचं मूल हे स्वतः करू शकतं, आणि सगळी गंमत त्यातच आहे. ए-थ्री कार्ट्रिज पेपरवर ठसे वाळले की गोल गुंडाळून नळी करा, वर-खाली सोनेरी पट्टी, खाली पतंगी कागदाच्या झिरमिळ्या. झिरमिळ्या तुम्ही आधी कापून न्या. सात वर्षांखालच्या बारा मुलांच्या हातात कात्री देण्याचं धाडस मी तरी करत नाही.

दिव्याबद्दल एक सांगते. बटण सेलवर चालणारे छोटे दिवे स्वस्त मिळतात, दिसतातही गोड. ते देऊ नका. तो सेल लहान मुलाने गिळला तर जिवावर बेतू शकतं. कंदील रिकामा द्या, आणि आत कमी वॉटचा एलईडी लावायचा, मेणबत्ती किंवा पणती नाही, हे पालकांना कागदावर लिहून द्या.

आता हिशोब. आकडे माझ्या पद्धतीचे आहेत, तुमच्या गावचे भाव घालून बघा.

बारा मुलं, फी ३५० रुपये. जमा ४,२००. सामान प्रत्येकी ७० प्रमाणे ८४०, खाऊ प्रत्येकी २५ प्रमाणे ३००. सोसायटीचा हॉल ८००, दोन मदतनीस मिळून ८००, प्रवास आणि किरकोळ २००. एकूण खर्च २,९४०, हातात १,२६०. छान वाटतं ना? थांबा. खरेदी, पानं, झिरमिळ्या कापणं यात पाच तास, वर्कशॉप अडीच तास, आवराआवर दीड तास. नऊ तासांचे १,२६०, म्हणजे ताशी १४० रुपये.

आता दुसरी बाजू. मुलं आली किंवा नाही आली, तरी हॉल, मदतनीस आणि किरकोळ मिळून १,८०० जाणारच. सामान-खाऊ वजा जाता एका मुलामागे २५५ सुटतात. म्हणजे सात मुलं आली तर १५ रुपये खिशातून, आणि आठव्यापासून कमाई सुरू. तीसुद्धा तुमची मजुरी न धरता! म्हणून पूर्ण फी आधीच यूपीआयवर घ्या. 'बघू, येऊ' म्हणणाऱ्यांना बुकिंगमध्ये मोजू नका, भले ती तुमची सख्खी मावशी असो.

खर्च कमी करायचा म्हणून पहिला मदतनीस कापाल. तो कापू नका. या वयात सहा मुलांमागे एक मोठं माणूस लागतंच. एकाला शू लागते, एकाचा रंग सांडतो, एक आईसाठी रडतं, आणि हे सगळं एकाच मिनिटात. पालक पैसे कागदाचे देत नाहीत, कागद त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. आपलं मूल अडीच तास रमलं, सांभाळलं गेलं, त्याचे देतात. बचत करायची तर सामानात करा : पुण्यात बोहरी आळी, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट, किंवा तुमच्या तालुक्यातला होलसेलवाला. आणि एकच खरेदी दोन बॅचना वापरा. आपोआप पाचातले दोन-तीन तास वाचतात, तिथे ताशी भाव सुधारतो.

वेळ फार थोडा असतो. दसरा ते लक्ष्मीपूजन साधारण २० दिवस. त्यातले मधले दोन रविवार तुमचे. त्याआधी घरोघरी साफसफाई आणि सहामाही परीक्षा, नंतर लोक गावी जातात. कंदील दिवाळीनंतर कोणी विकत घेत नाही, हे फटाकेवाल्यांकडून शिका.

काही जण विचारतात, वर्कशॉपऐवजी किट पॅक करून विकू का? विका, पण एक गोष्ट तपासा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. तुमचं किट 'खेळणं' म्हणून बाजारात जाणार असेल तर छपाईचे पैसे घालण्याआधी बीआयएसचे नियम वाचा. पहिल्या वर्षी वर्कशॉपच बरं, असं माझं मत.

शेवटी फोटो. मुलांचे चेहरे स्टेटसला टाकण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या, व्हॉट्सॲपवरचा 'हो' चालतो. नाही म्हणाले तर फक्त रंगलेले हात आणि कंदील दाखवा. फोटो पाठवताना त्याच मेसेजमध्ये जानेवारीच्या बॅचचं नाव घाला, कारण तोवर रस्त्याकडेच्या देशी बदामाची पानं लाल व्हायला लागलेली असतील आणि ती फुकट आहेत.