रेषेतला माणूस (लेखांक ६) : काय ठेवायचं, काय गाळायचं

मागच्या लेखांकात आपण तालमान पाहिलं. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, आणि नवताल मूर्ती अशा नऊ मापांत बसवायची, हा मूर्तिकाराचा हिशेब. आज उलट्या बाजूने जाऊ. हा हिशेब बाजूला ठेवून, बहुतेक अवयव गाळूनही कलावंत माणूस कसा दाखवतो? उदाहरणं लांब शोधायला नकोत. बारामती-इंदापूरच्या परिसरातच ती सापडतात.

इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर उजनीच्या जलाशयात गेलं. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की ते उघडं पडतं, आणि परिसरातल्या सतीशिळा (सती गेलेल्या बाईचे स्मारकदगड), वीरगळही (लढताना पडलेल्या वीराचे) दिसू लागतात. सतीशिळेचा ठरलेला नमुना नीट पाहा. बाईचा चेहरा नाही, धड नाही. खांबातून आडवा निघालेला दंड, कोपरात काटकोनात वळून वर गेलेला हात, उघडा पंजा, मनगटात बांगड्या. माथ्याशी चंद्र-सूर्य. बस्स. कारागिराने हातच का ठेवला? बांगड्या भरलेला हात म्हणजे अखंड सौभाग्य, आणि स्मारक उभारणाऱ्यांना तेवढंच सांगायचं होतं. चेहरा कोरला असता तर ती कुणी एक बाई झाली असती. प्रथेला तिच्यातलं जे मोलाचं वाटलं ते दगडावर राहिलं, बाकीची बाई गळाली. आकार सोपा करणं हे काही नुसतं हाताचं कसब नसतं. कुणाच्या नजरेतून सोपा केला, हेही पाहावं लागतं.

वीरगळावर मात्र अख्खा माणूस लागतो, कारण तिथे गोष्ट सांगायची असते. खालच्या चौकटीत लढाई किंवा गाईगुरांसाठी झालेली झुंज, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवपिंडीपुढे हात जोडलेला वीर. नाकडोळे झिजून गेले तरी ही गोष्ट वाचता येते. पाय फाकवून उभा तो लढणारा, आडवा पडला तो मेलेला, मांडी घालून बसला तो स्वर्गात पोचलेला. इथे चेहऱ्याचं काम अंगाची ठेवण करते.

अवयव गाळण्याची ही रीत जुनी आहे. पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथल्या एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची डबी मिळाली, आणि तिच्याबरोबर कच्च्या मातीची, मुळातच डोकं नसलेली स्त्रीमूर्ती आणि एक बैल. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या हातांना देवी घडवायला डोक्याची गरज वाटली नव्हती.

आता तुकोबांची पालखी बारामती, सणसर, इंदापूर असा मुक्काम करत पंढरीला जाते ती वाट घ्या. वारीच्या दिवसांत तिथे टोपीवर, टी-शर्टवर, ट्रकच्या काचेवर विठ्ठल दिसतो, तोही अनेकदा डोळे-नाक-तोंड नसलेला. तरी चार वर्षांचं पोर त्याला ओळखतं. कशावरून? उभट मुकुट, कानांतली मकरकुंडलं, जुळलेले पाय, खाली वीट; आणि मुख्य म्हणजे कमरेवरच्या हातांमुळे कोपर आणि अंग यांच्यामध्ये पडणाऱ्या दोन तिकोनी पोकळ्या. त्या बुजवा, देव ओळखू येणार नाही. म्हणजे ओळख जेवढी काळ्या आकारात आहे, तेवढीच मोकळ्या जागेतही आहे. फ्रेंच चित्रकार मातीसने १९५२ मध्ये निळा कागद कापून बसलेल्या स्त्रीची चित्रं केली, तेव्हा मांडी, दंड आणि धड यांच्यामधल्या पांढऱ्या फटींकडून त्याने हेच काम करून घेतलं. वारीतला टी-शर्ट छापणारा मातीसचं नाव ऐकून असेलच असं नाही. प्रश्न मात्र दोघांचा एकच : कमीत कमी किती ठेवलं म्हणजे माणूस उरतो?

उत्तर प्रत्येक वेळी वेगळं आलं, कारण प्रत्येकाला सांगायचं वेगळं होतं. आधी सांगायचं काय ते ठरतं, मग अवयव गळतात. हा क्रम उलटा झाला की उरते ती नुसती नक्षी.

शेवटी एक विनंती. तुमच्या गावात देवळाच्या आवारात किंवा वेशीपाशी वीरगळ, सतीशिळा असेल तर तिला ऑइलपेंट फासू नका, फासू देऊ नका. उथळ कोरीव रेषा रंगाच्या थराखाली बुजतात, आणि त्या पुन्हा मोकळ्या करताना दगडही खरवडला जातो.