आधी झाड, मग अळंबी

सकाळी ६.३०
सावंतवाडी तालुका, भाद्रपदाची सुरुवात. पावसानं जरा उघडीप दिलीय. झोळीत कागदी पाकिटं, भिंग, मोजपट्टी, चाकू आणि तंबाखूची पुडी. तंबाखू जळवांसाठी. प्लास्टिकची पिशवी घेत नाही. तिच्यात अळंबीला घाम सुटतो आणि दुपारपर्यंत लगदा होतो.

७.३०
पहिला थांबा गावातच, एका परसातला जुना फणस. छातीच्या उंचीवर मोडलेल्या फांदीची जखम आणि तिच्याखाली घोड्याच्या खुरासारखं, लाकडाइतकं कठीण, तपकिरी फणसअळंबे. फेलिनस प्रजातीतलं. हे सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावतात. तोंड आलं असेल, लाळ फार सुटत असेल तर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या 'फार्माकोग्राफिया इंडिका'तही फणसअळंब्याचा हा उपयोग नोंदलेला आहे.

"ह्यां जुन्या फणसारच गावता, बायो. तरण्या झाडार नाय," वाटाडे आबा सांगतात. आबांचं खरं आहे. तरणं झाड जखम लवकर भरून काढतं, आणि त्याचा गाभाही लहान असतो. जुन्या झाडाच्या उघड्या जखमेतून बीजाणू आत शिरतो, बुरशी गाभ्यातलं लाकूड वर्षानुवर्षं कुजवत राहते आणि मग कधीतरी अळंबे बाहेर डोकावतं. काप घेऊन भिंगाखाली धरला की नळ्यांचे एकावर एक थर दिसतात. अळंबे वाढत जातं तसा नवा थर जुन्याच्या खाली धरत जातो. कापावर पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा थेंब टाकला, काळा पडला. एवढ्यानं जात ठरत नाही.

मी नमुन्यापेक्षा झाडाची नोंद आधी करते: झाड कुठलं, जिवंत की वठलेलं, अळंबे जमिनीपासून किती उंच, ऊन किती. हे नसेल तर पाकिटातला तुकडा निरुपयोगी.

१०.००
काजूची बाग. स्वच्छ, झाडलेली, पडलेली फांदी दिसली की चुलीला जाते. उन्हात राहिलेल्या एका छाटावर तेवढं शिझोफायलम, पांढरट, लोकरी, बोटाच्या पेराएवढं. हे सुकून आक्रसतं आणि पाऊस लागला की पुन्हा उमलतं, म्हणून उघड्यावर टिकतं. जपानमध्ये याच्यातल्या शिझोफायलन या बहुशर्करेचं औषध झालं. बाकी बागेत शून्य.

११.३० ते ३.००
देवराई. इथली काटकीसुद्धा कुणी नेत नाही, म्हणून अर्धा दिवस इथंच जातो. बेहड्याचा एक मोठा ओंडका आडवा पडलाय. ओलसर, सावलीतल्या बाजूला कानासारखी ऑरिक्युलॅरिया. वरच्या, थोड्या उजेडातल्या सालीवर पातळ, पट्टेदार ट्रॅमेटिस. बुंध्याशी, मुळांच्या जवळ गॅनोडर्मा, आणि खालच्या पानांवर तिच्या बीजाणूंची तपकिरी पूड. एकाच लाकडावर ओल, उजेड आणि कुजण्याचा टप्पा बदलला की राहणारा बदलतो. डबा खाताना आबा वारुळाकडे बोट दाखवतात. तिथली अळंबी खायची, औषधाची नव्हे. ती वाळवीच्या घरट्यातल्या बुरशीतून वर येते, तेव्हा वारूळ मोडलं की तीही संपली.

४.३०
पाऊस. परत.

रात्री ८.००
नमुने मंद आचेवर वाळत घातले. वहीत आजची विभागणी सरळ दिसते: बागेत एक जात, राईत पानभर नावं. माझ्या मते औषधी अळंबीच्या संवर्धनाची सुरुवात लागवडीपासून नव्हे, पडलेलं लाकूड जागेवर ठेवण्यापासून व्हायला हवी.

तुमच्या परसात अळंबे आलेला जुना फणस असेल, तर ते खरवडून काढल्यानं झाड बरं होत नाही. बुरशी गाभ्यात असते. झाड घरावर कलत नसेल तर राहू द्या. आणि जाणकाराकडून ओळख पटवल्याशिवाय कुठलंही अळंबे उगाळून घेऊ नका.