वावरातली पंगत : मलकापूर परिसरातील हुरडा, भरीत आणि रोडगे

दिवाळी आटोपली आणि पहाटेच्या गारव्याने जोर धरला, की बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर आणि आसपासच्या गावांत रविवारच्या जेवणाची जागा बदलते. घरातली चूल बाजूला राहते आणि पंगत वावरात बसते. शेतात पिकलेले शेतातच भाजायचे, तिथल्याच काडीकचऱ्यावर शिजवायचे आणि आप्तेष्टांना बोलावून बांधावरच्या झाडाखाली जेवायचे, ही वऱ्हाड-खानदेशच्या सीमेवरील जुनी रीत आहे. हुरडा, वांग्याचे भरीत आणि रोडगे ही तिची तीन मुख्य रूपे. तिन्हींत बागकाम आणि जेवण एकमेकांना जोडलेले आहे. पावसाळ्यात जे लावले असेल तेच हिवाळ्यात ताटात येते.

जागा आणि हंगाम

मलकापूर पूर्णेच्या खोऱ्यात, नळगंगेच्या काठी वसले आहे. नळगंगा पूर्णेला मिळते आणि पूर्णा पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये काळ्या कसदार जमिनीचा पट्टा, अशी या भागाची ठेवण आहे. कापूस, तूर, सोयाबीन, मूग, उडीद, ज्वारी आणि हरभरा ही येथील पिके. मुंबई-नागपूर लोहमार्ग आणि सुरतहून कोलकात्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग यांमुळे हे गाव व्यापाराचे ठाणे बनले. तरी दुकानदार, शिक्षक, नोकरदार अशा अनेक कुटुंबांची शेती आजही जवळपासच्या खेड्यांत आहे. पश्चिमेला मुक्ताईनगर आणि बोदवड हे जळगाव जिल्ह्यातील तालुके लागून असल्याने वऱ्हाडी आणि खानदेशी स्वयंपाक येथे एकाच पंगतीत भेटतात.

या पंगतींचा काळ कार्तिकापासून माघापर्यंतचा. त्याला कारणे आहेत. पावसाळ्यात काळी माती चिकट होते, वावरात बसणे तर सोडाच, चालणेही कठीण असते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. हिवाळ्यात जमीन वाळलेली, ऊन सुसह्य आणि पिके खाण्याजोगी असतात. ज्वारीचे दाणे भरत असतात, तुरीच्या शेंगांत हिरवे सोले तयार असतात, हरभऱ्याला घाटे लागतात आणि वांग्याला थंडी मानवते. धर्माचाराचाही यात वाटा आहे. अनेक घरांत चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य असते. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला जातो आणि त्यानंतर वांगी मोकळेपणाने खाल्ली जातात.

परसबाग आणि वावरातला पट्टा

पंगतीची खरी तयारी पाच-सहा महिने आधी सुरू होते. कापसाच्या किंवा तुरीच्या शेतात धुऱ्यालगत घरापुरता भाजीपाला लावण्याची पद्धत जुनी आहे. भेंडी, चवळी, काकडी, अंबाडी, मिरची आणि वांगी यांच्या काही ओळी बाजारासाठी नसतात, त्या घरासाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी असतात. गावात राहणारे हेच काम घरामागच्या परसात करतात. राज्याच्या ‘उमेद’ अभियानातील महिला बचत गटांनी ‘पोषण परसबाग’ या नावाने या जुन्या सवयीला नवे बळ दिले आहे.

भरताची वांगी हवी असतील, तर रोपे वेळेवर तयार करावी लागतात. जून महिन्यात गादीवाफ्यावर बी ओळीत आणि विरळ पेरतात. गादीवाफा उंच असल्यामुळे पावसाचे पाणी साचत नाही आणि रोपे कोलमडत नाहीत. चार ते सहा आठवड्यांची रोपे पाऊण ते एक मीटर अंतरावर लावतात. भरताच्या वाणाचे झाड पसरते, म्हणून अंतर कमी ठेवल्यास हवा खेळत नाही आणि रोग वाढतो. लागवडीनंतर साधारण अडीच महिन्यांनी पहिली तोडणी येते. घरच्या गरजेला सात-आठ झाडे पुरतात, पंगत करायची असेल तर एखादी ओळ जास्त लावावी लागते.

वांग्याचा मोठा शत्रू म्हणजे शेंडा व फळ पोखरणारी अळी. ती आधी कोवळ्या शेंड्यात आणि नंतर फळात शिरते. एकदा आत गेल्यावर फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. दर आठवड्याला वाळलेले शेंडे खुडून नष्ट करणे, किडलेली फळे झाडाखाली पडू न देणे, कामगंध सापळे लावणे आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारणे हे उपाय परसबागेला पुरेसे ठरतात. ही कामे थोड्या वेळाची असली तरी नियमाने करावी लागतात, म्हणून सुट्टीच्या दिवशी घरातील सर्वांनी मिळून केली तर निभावतात. मुलांना कीड ओळखायला शिकवण्याची याहून चांगली जागा नाही.

पाण्याचा विचार या भागात वेगळा करावा लागतो. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तेथील भूजल क्षारयुक्त असते. अशा पाण्यावर भाजीपाला सारखा वाढवला तर चिकण मातीत क्षार साठत जातात. म्हणून जाणकार शेतकरी शेततळ्याचे किंवा कालव्याचे गोडे पाणी भाजीसाठी राखतात, ओळींत काडीकचऱ्याचे आच्छादन टाकतात आणि शेणखत भरपूर वापरतात.

हुरडा

ज्वारीचा दाणा दुधाळ अवस्था ओलांडून मऊ होतो, पण अजून कडक झालेला नसतो, तेव्हा तो हुरड्याला येतो. या टप्प्यावर दाण्यात साखर भरपूर असते. पुढे तिचे पिठूळ स्टार्चमध्ये रूपांतर होते आणि गोडी जाते. एका पेऱ्यातून हुरड्याचे दिवस मोजकेच मिळतात. म्हणूनच हुरड्याची ज्वारी थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने, लहान तुकड्यांत पेरतात.

सगळी ज्वारी हुरड्याला चालत नाही. दाणा गोड हवा आणि तो कोंड्यातून सहज सुटायला हवा. विदर्भात ‘वाणी’ ज्वारीचा हुरडा नावाजलेला आहे. राज्यात इतरत्र सुरती, गूळभेंडी, कुचकुची या जाती प्रसिद्ध आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने, ज्याची स्थापना १९६९ साली झाली, खास हुरड्यासाठी ‘पीडीकेव्ही कार्तिकी’ हा वाण दिला आहे.

भाजण्यासाठी जमिनीत उथळ खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवतात. ही आगटी. ज्वाळा शमून निखारे झाले की कणसे त्यांत खुपसतात आणि फिरवत राहतात. ज्वाळेवर भाजले तर वरचा कोंडा जळतो आणि आतला दाणा कच्चा राहतो, निखाऱ्यावर मात्र दाणा स्वतःच्या ओलाव्यात वाफवला जातो. गरम कणीस तळहातावर किंवा गोणपाटावर चोळले, की हिरवे दाणे मोकळे होतात. मग ते पाखडून लगेच खायचे. सोबत लसणाची, तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरे आणि पेरू. त्याच आगटीत हरभऱ्याचे डहाळे भाजून हुळा करतात. हुरडा थंड झाला की चिवट होतो, म्हणून भाजणारा, चोळणारा आणि खाणारा यांना एकाच ठिकाणी जमावे लागते. हा पदार्थ एकट्याने करण्यासारखा नाही.

भरीत

मलकापूरच्या पश्चिमेकडील जळगाव जिल्हा भरताच्या वांग्यांसाठी ओळखला जातो. यावल तालुक्यातील बामणोद आणि जळगावजवळील आसोदा या गावांची वांगी विशेष मानली जातात. ‘जळगाव भरीत वांगी’ला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ही वांगी मोठी, फिकट हिरव्या रंगाची, पातळ सालीची, कमी बियांची आणि भरपूर गराची असतात. सीमेपलीकडे मलकापूर-नांदुऱ्याच्या गावांतही, विशेषतः लेवा पाटील समाजात, भरताची पंगत हिवाळ्याचा मोठा कार्यक्रम असतो.

वांगी तुरीच्या तुराट्या किंवा कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात. हे सरपण चटकन पेटते आणि मोठी ज्वाळा देते. त्यामुळे साल करपून सुटते आणि धुराचा वास गरात उतरतो. भाजण्याआधी वांग्याला टोचे मारतात, नाहीतर आतली वाफ कोंडून ते फुटते. सोललेला गर, भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण लाकडी बडगीत घालून ठेचतात. ठेचल्याने गराचे धागे शाबूत राहतात, मिक्सरमध्ये त्याचा लगदा होतो. वरून तेलाच्या फोडणीत शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप आणि कांद्याची पात परततात आणि शेवटी बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालतात.

जोडीला कळण्याची भाकरी किंवा पुरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद मिठासह एकत्र दळलेले पीठ. ज्वारीच्या पिठात चिकटपणा कमी असतो, तो उडदाने येतो. ज्वारीत लायसीन हे अमिनो आम्ल थोडे असते, उडदात ते भरपूर असते, म्हणून दोन्ही मिळून प्रथिनांची प्रत सुधारते. वऱ्हाड-खानदेशच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जमवलेला हा मेळ आहारशास्त्रालाही मान्य होणारा आहे.

रोडगे

रोडगे हे पश्चिम विदर्भातील वावराच्या पंगतीचे भरभक्कम जेवण. गव्हाचे जाडसर, रवाळ पीठ, मीठ, ओवा, जिरे आणि तेलाचे मोहन घालून घट्ट भिजवतात. काही ठिकाणी दोन-तीन पोळ्या तेल लावून एकमेकींत बांधतात, म्हणजे भाजल्यावर पापुद्रे सुटतात. गोवऱ्यांची रास पेटवून तिचे निखारे झाले, की गोळे त्यांवर मांडतात आणि वरून गरम राखेने झाकतात. राख उष्णता धरून ठेवते आणि ती हळूहळू आत जाऊ देते. त्यामुळे जाड गोळा बाहेरून न जळता आतपर्यंत भाजला जातो. मध्ये एकदा उलटून, शेवटी कापडात झटकून राख काढतात.

गरम रोडगा हाताने फोडून त्यावर साजूक तूप आणि तुरीचे वरण ओततात. सोबत वांग्याची झणझणीत भाजी असते. खानदेशाकडे याच जातीची वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी करतात. देवाला बोललेला नवस फेडतानाही रोडग्यांचाच स्वयंपाक होतो. मारुतीच्या किंवा देवीच्या देवळाजवळ, शेताच्या कडेला तो रांधला जातो आणि येईल त्याला वाढला जातो.

कामाची वाटणी

अशा पंगतीला पाहुणा केवळ पाहुणा राहत नाही. कोणी गोवऱ्या रचतो, कोणी वांगी फिरवतो, कोणी लसूण सोलतो. पीठ मळणे आणि भाकरी थापणे बायकांकडे असले, तरी जाळ सांभाळणे आणि रोडगे भाजणे बहुतेक वेळा पुरुषांकडे येते. एरवी चुलीपासून दूर राहणारे हात या दिवशी कामाला लागतात. वाट पाहण्याच्या तासाभरात मुले मळा फिरून येतात आणि शहरातून आलेल्यांना तुरीचे झाड, कापसाचे बोंड, हरभऱ्याची आंब प्रत्यक्ष दिसते. जेवण पत्रावळीवर, मांडी घालून. शेतात राबणाऱ्या सालदारालाही त्याच पंगतीत पान असते, तेव्हा ही रीत आपले मोल खऱ्या अर्थाने दाखवते.

काळजीही घ्यावी लागते. आगटी कडब्याच्या गंजीपासून आणि उभ्या पिकापासून दूर, साफ केलेल्या जागेवर असावी. पाण्याची घागर जवळ ठेवावी आणि निघताना निखारे पूर्ण विझवावेत. पऱ्हाट्यांचे ढीग महिनोन्‌महिने शेतात पडू देऊ नयेत, त्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. हंगाम संपताच पऱ्हाटी काढणे पुढच्या पिकाच्या हिताचे असते.

इतर प्रदेशांतील नातेवाईक

शेतातले पीक शेतातच भाजून खाण्याची आवड जगभर आहे. रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून, मडके उपडे ठेवून पोपटी करतात. तापीच्या मुखाशी सुरतेत कोवळ्या ज्वारीचा ‘पोंक’ शेवेसोबत खातात. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातील वाल्स या गावी थंडीत कोवळ्या कांद्यांच्या जुड्या द्राक्षवेलींच्या छाटणीवर भाजून सामुदायिक जेवण घालतात. तिथे वेलीची छाटणी, इथे तुराटी आणि पऱ्हाटी. दोन्हीकडे पिकाचा उरलेला भागच सरपण होतो.

टिकण्याची अट

महाराष्ट्रात १९८०च्या दशकात ज्वारीखाली ६० लाख हेक्टरांहून अधिक जमीन होती, आता ती २० लाखांच्या आसपास आली आहे. सोयाबीन आणि कापसाचे अर्थकारण, पक्ष्यांचा आणि रानडुकरांचा उपद्रव, कापणी-मळणीच्या मजुरीचा खर्च ही त्याची कारणे. ज्वारी कमी झाली तसा कडबा कमी झाला, गुरे कमी झाली आणि गोवऱ्याही विकत घ्याव्या लागू लागल्या. हुरडा आणि रोडगे यांना लागणारी सारी साखळी यामुळे सैल झाली.

दुसरीकडे मागणी वाढत आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण आणले. हुरड्याच्या आणि भरताच्या पंगतीसाठी पैसे मोजणारे शहरी पाहुणे आता मिळतात. चार गुंठे वाणी ज्वारी टप्प्याटप्प्याने पेरणाऱ्या शेतकऱ्याला धान्यापेक्षा हुरड्यातून अधिक मिळू शकते. कणसे काढल्यावर उरणारा हिरवा चारा गुरांच्या कामी येतो.

ही रीत राखण्यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. गावातल्या कुटुंबाने जूनमध्ये वांग्याचे बी टाकावे, शेतकऱ्याने धुऱ्यालगत ज्वारीच्या चार ओळी राखाव्यात, चांगल्या कणसांचे आणि वांग्यांचे बियाणे पुढच्या वर्षासाठी बाजूला ठेवावे आणि हिवाळ्यात शेजाऱ्यांना हाक द्यावी. यातील पेरणी आणि बियाणे या दोन गोष्टी सुटल्या, तर हुरड्याची पंगत विकतच्या कणसांवर येते आणि तिचा वावराशी असलेला संबंध तुटतो. त्या राखल्या, तर बाकीचे सारे मलकापूरच्या हिवाळ्यात आपोआप जमून येते.