समुद्रावर हद्द कोणाची?

भाईंदरहून बसने पश्चिमेकडे निघालात, की रस्ता राई, मुर्धा, डोंगरी ही गावे ओलांडून उत्तनला पोहोचतो. गाव दिसण्याआधी वास येतो. किनाऱ्यावर बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत असतात. हे बोंबील डोल जाळ्याने पकडलेले. विद्यार्थी मित्रांनो, कायदा म्हणजे काय हे समजायला हे जाळे फार उपयोगी आहे!

डोल म्हणजे प्रचंड मोठी शंकूच्या आकाराची पिशवी. समुद्राच्या तळाशी खुंट ठोकून ती प्रवाहाच्या तोंडाशी बांधतात. या खुंटांना व त्यांच्या जागेला कव म्हणतात. डोल माशांमागे धावत नाही. भरती-ओहोटीचे पाणीच मासे आत लोटते आणि प्रवाह मंदावला की जाळे ओढून घेतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचा जोर असतो, म्हणून मासळीही अधिक मिळते.

आता असे समजा, की तुमच्या डोलीच्या तोंडासमोरच दुसऱ्याने डोल लावली. तुमच्या वाट्याला उरेल ते गाळलेले पाणी! म्हणून कोणाची कव कुठे, हे गाव परंपरेने मानते. त्याचा कागद नसतो. सगळे एकमेकांना ओळखतात, उद्या पुन्हा तोंड दाखवायचे असते, एवढा धाक पुरतो. याला रूढी म्हणतात.

मग होड्यांना इंजिने आली, सुताच्या जागी नायलॉन आले. उत्तन, वसईकडच्या कवी दूर उत्तरेला, पालघर-डहाणूसमोरच्या समुद्रात जाऊ लागल्या. तिथे सातपाटी वगैरे गावांचे मच्छीमार पापलेटसाठी प्रवाहाबरोबर वाहणारी जाळी सोडतात. वाहते जाळे रोवलेल्या खुंटात अडकले, की फाटलेच. हा कवींचा वाद अनेक वर्षे धुमसत आहे. यात गंमत म्हणा की दुर्दैव, दोन्ही बाजू आपापल्या रूढीने बरोबरच असतात. एका गावाची रूढी दुसऱ्या गावाला बांधील नाही. अशा वेळी दोघांनाही लागू होणारा नियम आणि निवाडा करणारा तिसरा, या दोन गोष्टी लागतात. माझ्या मते कायद्याची खरी सुरुवात इथे होते, पोलिसाच्या दंडुक्यापाशी नव्हे.

महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते. २०२१ च्या दुरुस्तीने दंड बराच वाढवला. पावसाळ्यात पुष्कळ जातींचे मासे अंडी घालतात, म्हणून सध्या १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात न जाण्याची कोळ्यांची रीत याहून पुष्कळ जुनी. मग कायदा कशाला? कारण एकट्याने थांबून भागत नाही. मी होडी ओढून ठेवली आणि शेजारच्या बंदरातली ट्रॉलर गेली, तर माझे दोन महिने बुडाले आणि मासेही वाचले नाहीत. शेजारीही थांबेल ही खात्री मला हवी असते. कायदा ती खात्री देतो. अर्थात अंमल झाला तरच!

पण कायदा लिहिणाऱ्याला जाळ्याचेही ज्ञान हवे. २०२३ साली राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली. चंदेरी पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पकडायचे नाही. नियमामागचे शास्त्र सरळ आहे, माशाला निदान एकदा तरी अंडी घालू द्यावीत. मात्र डोलीच्या शेपटाकडचा आस फार बारीक असतो. जवळा पकडायचा तर तो बारीकच हवा, आणि त्याच आसात पापलेटचे पिल्लूही अडकते. जाळे वर येईपर्यंत ते बहुधा मेलेले असते. त्याला परत सोडून काय साधणार? आस किती ठेवावा, कोणत्या महिन्यात डोल कुठे लावू नये, हे प्रश्न शास्त्रज्ञाने डोलकरांबरोबर बसूनच सोडवायला हवेत.

पुढच्या खेपेला मासळीबाजारात जाल तेव्हा कंपासपेटीतली पट्टी बरोबर न्या. ती पंधरा सेंटिमीटरची असते. वाट्याने विकायला ठेवलेली पापलेटे साडेतेराच्या खुणेपर्यंत पोहोचतात का, ते मोजून वहीत मांडा.