रसासाठी लावायचं झाड

इंग्लंडच्या सॉमरसेट आणि हेरफर्डशर भागात सफरचंदाच्या अशा काही जाती आहेत, की एक घास घेतला तर जीभ तुरट पडते आणि तो थुंकावासा वाटतो. किंग्स्टन ब्लॅक, डॅबिनेट, यार्लिंग्टन मिल. खायला ही फळं कुणी विकत घेत नाही, पण सफरचंदाचा रस आंबवून जी सायडर करतात, ती उत्तम होते यांचीच. संत्र्याच्या मुलखातल्या माणसाने या सफरचंदांच्या नादी का लागावं, असं मला वर्षानुवर्षं विचारलं गेलं. त्याचं उत्तर वरुड-मोर्शीच्या बागांमध्ये आहे.

आधी थोडं सफरचंदांबद्दल. 1893 साली रॉबर्ट नेव्हिल-ग्रेनव्हिल नावाच्या जमीनदाराने ग्लास्टनबरीजवळच्या बटली गावी, आपल्याच शेतावर, सायडरचे प्रयोग सुरू केले. कोणत्या जातीच्या रसातून काय निघतं, हे अंदाजाने सांगण्याऐवजी मोजून पाहायचं, असा त्यांचा आग्रह होता. त्यातूनच 1903 मध्ये ब्रिस्टलजवळ लाँग ॲश्टन इथे फळं आणि सायडर यांची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिथल्या बार्कर यांनी सफरचंदांची जी वर्गवारी केली, ती मला आजही अतिशय देखणी वाटते. रंग, आकार, गोडी, टिकाऊपणा सगळं बाजूला ठेवून त्यांनी दोनच गोष्टी मोजल्या: आम्ल आणि तुरटपणा. आम्ल 0.45 टक्क्यांच्या वर की खाली, टॅनिन 0.2 टक्क्यांच्या वर की खाली. त्यातून चार गट पडले: गोड, आंबट, तुरट-गोड आणि तुरट-आंबट. बाग लावणाऱ्याला एवढं पुरे होतं. झाड लावण्याआधीच त्याला कळायचं, की हे फळ टोपलीत जाणार की पिंपात.

आता नागपूर. रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादेहून संत्र्याची रोपं आणवली, ही कथा वाचकांना पाठ आहे. आंबिया आणि मृग बहार, कोळशी आणि डिंक्या हे रोग, भाव पडला की रस्त्यावर ओतलेली फळं, हेही सगळ्यांना माहीत आहे. दर हंगामात चुरीचे, म्हणजे बाजारात न खपणाऱ्या बारीक फळांचे, ढीग दिसले की एकच मागणी होते: प्रक्रिया उद्योग आणा. मागणी रास्त आहे. पण कारखाना आला तर तो कोणत्या फळाचा रस काढणार, हा प्रश्न फार क्वचित विचारला जातो. संत्रा बागायतदारांच्या संघाने आपल्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नोगा’ ही फळप्रक्रियेची संस्था उभी केली. ती पुढे सरकारी कृषी उद्योग महामंडळाकडे गेली आणि घराघरांत पोचली ती टोमॅटो केचपसाठी. याला निव्वळ गैरव्यवस्था कारण आहे, असं मी मानत नाही. खरी गोम फळातच आहे.

मराठी घरात आजारी माणसाला मोसंबीचा रस देताना सांगतात, काढल्या काढल्या पी, ठेवू नको, कडू होतो. ते शंभर टक्के खरं आहे, आणि संत्र्यालाही लागू आहे. गोड संत्र्याचा रस पेल्यात झाकून ठेवा. लगेच प्यायलात तर अमृत. काही तासांनी चव घ्या, घशाशी कडू कळ उठते. रस नासलेला नसतो, आंबलेलाही नसतो.

या कडवटपणाचं नाव लिमोनिन. लिंबूवर्गीय फळांच्या बियांतून ते 1841 मध्येच वेगळं काढलं गेलं होतं, त्याची रचना मात्र 1960 साली उलगडली. गंमत अशी, की संत्र्याच्या अखंड फोडीत लिमोनिन जवळजवळ नसतंच. फोडीच्या पापुद्र्यात असतं त्याचं पूर्वरूप, आणि त्याला कडू चव नाही. फळ शाबूत असेतो हे पूर्वरूप आणि आम्ल पेशींच्या वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. फळ पिळलं की दोन्ही एकत्र येतात, आणि आम्लाच्या संगतीत पूर्वरूपाचं हळूहळू लिमोनिन होतं. दहा लाख भागांत सहा भाग एवढंही लिमोनिन बहुतेक माणसांच्या जिभेला कळतं. रस तापवला तर ही क्रिया आणखी वेगाने होते, आणि बाटलीत भरायचा रस तापवावाच लागतो. म्हणून घरच्या पेल्यात गोड लागणारा रस कारखान्याच्या बाटलीत कडू निघतो.

हे दुखणं एकट्या नागपूरचं नाही. कॅलिफोर्नियाचं सगळं वैभव ज्या वॉशिंग्टन नेव्हल संत्र्यावर उभं राहिलं, त्याचाही रस असाच कडू होतो. संशोधक हिग्बी यांनी 1938 साली त्याच्या मुळाशी जायचा प्रयत्न केला. मग पासाडेना इथल्या सरकारी प्रयोगशाळेत व्हिन्सेंट मायर आणि सहकाऱ्यांनी 1968 मध्ये ते पूर्वरूप नेमकं ओळखलं. फ्लोरिडाने मात्र या भानगडीत न पडता रसासाठी वेगळं झाड धरलं. लवकर येणारं हॅमलिन आणि उशिरा येणारं व्हॅलेन्सिया, म्हणजे कारखान्याला महिनोन्‌महिने फळ. 1948 साली गोठवलेल्या घट्ट रसाचं पेटंट मिळालं आणि पुढे फ्लोरिडाची दहातली नऊ संत्री थेट कारखान्यात जाऊ लागली. या व्हॅलेन्सियाचं मूळ शोधताना मी इंग्लंडातच परत पोचलो. हर्टफर्डशरमधले रोपवाटिकाकार टॉमस रिव्हर्स यांनी हे संत्रं अझोर्स बेटांवरून मिळवलं आणि ‘एक्सेलसियर’ नावाने विकलं. त्यांच्याकडूनच ते 1870 च्या दशकात अमेरिकेत गेलं. आज जगातल्या रसाचा मोठा वाटा त्या एका जातीचा आहे, आणि ज्यांनी ती हुडकली त्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही.

माझ्या मते या साऱ्या वाचनातला सगळ्यात मोलाचा कागद ऑस्ट्रेलियाचा आहे. केफर्ड आणि चँडलर यांचा 1961 सालचा लेख. विषय: खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर डोळा बांधून कलम करतात त्याचा, संत्र्याच्या रसावर, विशेषतः कडवटपणावर, होणारा परिणाम. जात एकच असली तरी खुंट बदलला की रसातलं लिमोनिन बदलतं. ट्रायफोलिएट खुंटावरच्या झाडाचा रस सौम्य, रफ लेमनवरच्या झाडाचा रस सगळ्यात कडू.

रफ लेमन म्हणजे आपली जंबेरी!

वरुडजवळच्या शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत पन्हेरी (संत्र्याची कलमी रोपं) तयार होते ती मुख्यतः जंबेरीवर. जोमदार वाढ, लवकर फळ आणि भरघोस उत्पादन, या तिच्या गुणांबद्दल वाद नाही. रंगपूर लाइम या खुंटाची शिफारस कृषी संशोधक कधीपासून करत आले, तरी शेतकऱ्याचा ओढा जंबेरीकडेच राहिला. ट्रायफोलिएट तर आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत टिकाव धरत नाही, लोहाअभावी पानं पिवळी पडतात. तेव्हा ऑस्ट्रेलियाचा तोडगा जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण प्रश्न तर आपलाच आहे, आणि इथल्या मातीत नव्याने मोजून पाहण्याचा आहे.

अडचण चवीपुरतीच नाही. नागपुरी संत्र्याची साल सुटी, मऊ, थोडी पोकळ. हाताने सोलणाऱ्याला हेच सुख. रस काढणारी मोठी यंत्रं मात्र घट्ट सालीच्या गोल फळासाठी घडवलेली असतात. तिथे सुट्या सालीचा चेंदा होतो आणि सालीचं तेल रसात उतरतं. त्यात चुरीचं कच्चं फळ घातलं, की कडवटपणा आणखी वाढतो, कारण फळ जितकं पक्व तितकं ते पूर्वरूप कमी. आणि आपण प्रक्रियेला द्यायला निघालो आहोत ते नेमकं हेच, जे बाजारात खपत नाही ते! सायडरवाल्यांनी कधीच सोडून दिलेली ही वाट आहे. उरलेल्या फळाचा रस काढता येतो, पण उरलेल्या फळावर उद्योग उभा राहत नाही.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने, जी 1985 च्या सुमारास राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, कटर व्हॅलेन्सियासारख्या गोड संत्र्यांच्या जाती इथे पारखल्या. नागपुरी संत्र्याची बिनबियांची निवडही केली. बिया कमी असणं रसासाठी फायद्याचं, कारण लिमोनिनचा मोठा साठा बियांतच असतो. राळेवरून रस गाळून कडवटपणा काढण्याचं तंत्रही परदेशात 1980 च्या दशकापासून वापरात आहे. ते खर्चाचं आहे, आणि कडूपणासोबत थोडा स्वादही जातो. मार्च 2025 मध्ये नागपूरच्या मिहानमध्ये पतंजलीचा मोठा प्रकल्प सुरू झाला, क्षमता रोज 800 टन फळांची सांगितली गेली. एवढं फळ रोज लागणार असेल, तर कोणतं फळ, हे ठरवायची वेळ आता आली आहे.

नागपुरी संत्रं सोलून खाण्याचं फळ आहे, आणि त्या कामात त्याच्या तोडीचं फळ मला कुठे भेटलेलं नाही. 2014 साली मिळालेलं भौगोलिक मानांकन त्याला शोभतं. त्याच्या बागा मोडून सगळीकडे व्हॅलेन्सिया लावा, असं मी म्हणणार नाही. मागणी एवढीच आहे: रसासाठी वेगळी झाडं, वेगळ्या बागेत, कारखान्याशी आधी भाव ठरवून लावावीत. संशोधन संस्थेने आणि कृषी विद्यापीठाने प्रत्येक जात आणि प्रत्येक खुंट यांच्या रसातलं लिमोनिन मोजून, बार्करच्या तक्त्याइतका सोपा तक्ता मराठीत छापावा आणि तो शेंदुरजनाघाटच्या प्रत्येक रोपवाटिकेत लावावा. आणि बागायतदारांनो, यंदा पन्हेरी घेताना डोळा कोणत्या झाडाचा, एवढ्यावर थांबू नका. खुंट कोणता, तेही विचारा आणि पावतीवर लिहून घ्या.